गोधडीच्या घडीतली चिठ्ठी

गिऱ्हाईक दुकानात शिरलं की बन्सीलालशेठ आधी त्याच्या पायांकडे बघत, तोंडाकडे नंतर. तोंड काय, कुणीही गरीब करून आणतं, चप्पल मात्र खरं बोलते, असं त्यांचं म्हणणं. झिजलेली रबरी चप्पल असली की एक भाव, चामड्याची नवी असली की दुसरा, आणि उंच टाचेची असली की गादीवर लोड सरकवून, चहा मागवून, तिसरा. प्रत्येक कापडाच्या लेबलावर कोपऱ्यात तीन-चार अक्षरं लिहिलेली असत. गिऱ्हाइकाला ती मिलची खूण वाटे. खरं तर एकेका अक्षरामागे एकेक आकडा दडलेला असे, आणि तो असे खालचा भाव, ज्याच्याखाली नोकराने उतरायचं नाही. वर कुठवर चढायचं ते चप्पल सांगे.

उज्ज्वलाला ही अक्षरं पहिल्याच आठवड्यात पाठ झाली. त्याला आता नऊ वर्षं होऊन गेली. सुरतेच्या रिंग रोडवरच्या त्या मार्केटात शेकडो दुकानं आणि शेकडो दुकानांची अशीच गुपितं, त्यामुळे तिला त्यात फार वावगं वाटलं नाही. गिऱ्हाईक समोर बसलेलं असतं, घासाघीस करतं, नाही पटलं तर उठून शेजारच्या दुकानात जातं. मग कुणी कुणाला फसवलं म्हणायचं? असं ती स्वतःला सांगे आणि लेबलं लिही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे ती जी पेटून उठली ते वाचताना ही बाई बाजारात नवखी होती असं कुणाला वाटायला नको.

तीन वर्षांपूर्वी शेठनी इंटरनेटवर दुकान काढलं. साड्या तिथे अख्खी सुरत विकत होती, शेठच्या साड्यांना कोण विचारतो? चालली ती गोधडी. आणि गोधडी शेठच्या दुकानात आणली उज्ज्वलाने.

तिची आई धुरपदाबाई मूळची शिरपूरकडची, सुरतेच्या बमरोलीत येऊन तीस वर्षं झालेली. मिलमधून निघणाऱ्या चिंध्या किलोवर आणायच्या, जुन्या लुगड्याचं अस्तर लावायचं आणि बारीक धावदोऱ्याने अख्खी गोधडी भरून काढायची, हे काम ती आणि गल्लीतल्या दहा खानदेशी बायका करत. एका गोधडीला दहा-बारा दिवस लागत. तयार गोधडीचे शेठ सहाशे रुपये देत आणि इंटरनेटवर ती बत्तीसशेला लावत. उज्ज्वलाचा नवरा हेमराज पलसाण्याच्या एका रंगाई कारखान्यात होता, पण तिथे महिन्यातले पंधरा दिवसच काम निघे. त्यामुळे घर चाले ते उज्ज्वलाच्या पगारावर, आणि आईचं चाले गोधड्यांवर.

धुरपदाबाईचा एक हट्ट होता. रिकाम्या घडीने गोधडी कुणाच्या घरी जाऊ द्यायची नाही. लेकीला द्या, बाळंतिणीला द्या, नाहीतर सातासमुद्रापलीकडे पाठवा, घडीत एक हळकुंड हवंच. “पांघरूण शे ते. रिकामं देवानं नही,” रिकामं द्यायचं नाही, असं ती म्हणे. शेठ हसले, पण हळकुंडाला पैसे ती स्वतः घालत होती, म्हणून त्यांनी हसण्यावारी नेलं. उज्ज्वला त्या हळकुंडाशेजारी एक चिठ्ठी ठेवू लागली. एका बाजूला गुजराती, दुसऱ्या बाजूला इंग्रजी, दोन्ही तिच्या हाताने लिहिलेलं. गोधडी कुणी शिवली, कशी धुवायची, एवढंच.

मग एकदा नैरोबीहून एका बाईंचा मेसेज आला. तुमचे बत्तीसशे म्हणजे माझे किती, ते मला कळत नाही, दर वेळी मुलाला विचारावं लागतं आणि तो वैतागतो. उज्ज्वलाला ते लागलं. तिची आई बँकेत स्लिप भरायला दुसऱ्याचं तोंड बघायची, ते तिने लहानपणापासून पाहिलेलं. तिने शेठना सांगितलं, ज्याला त्याला त्याच्या पैशात किंमत दिसली पाहिजे. डॉलरवाल्याला डॉलरमध्ये, पाउंडवाल्याला पाउंडात. शेठनी तिच्याकडे नवलाने बघितलं. त्यांचे डोळे चमकले, ते उज्ज्वलाला कौतुकाचे वाटले.

वेबसाइट बघणाऱ्या सागरने दोन आठवड्यांत ते करून दिलं. ज्या देशातून दुकान उघडाल त्या देशाच्या पैशात भाव दिसणार. सुरतेत बसून उघडलं की रुपयेच. उज्ज्वला सुरतेत बसलेली, तेव्हा तिला रुपयेच दिसत. तिच्या मोबाइलवर ऑर्डर येई ती नाव, पत्ता, फोन नंबर आणि नग एवढीच. पैशांचा भाग थेट शेठच्या मोबाइलवर जाई. गल्ल्याला दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नाही हा त्यांचा नियम जुनाच होता.

उज्ज्वलाने आपल्या चिठ्ठीत त्या दिवसापासून चार ओळी वाढवल्या. “तुमच्या पैशात दिसलेली किंमत म्हणजे आमच्या बत्तीसशे रुपयांचा त्या दिवशीचा भाव. वर एक पैसाही लावलेला नाही. पाठवणावळ तेवढी वेगळी. शंका आली तर मला फोन करा.” खाली नाव आणि स्वतःचा मोबाइल नंबर. हे लिहायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. आपणच सुचवलेली गोष्ट, ती सरळच असणार, असं ती धरून चालली. दोन वर्षांत अशा चारशेच्या वर चिठ्ठ्या गेल्या.

फोनही येत. लंडन, टोरांटो, दारेसलामहून बायका फोन करून हळकुंडाचं काय करायचं ते विचारत. उज्ज्वला कौतुकाने सांगे, काही करायचं नाही, डब्यात ठेवून द्या. आपलं नाव इतक्या घरांत माहीत आहे या विचाराने तिला रिक्षात बसल्या बसल्या हसू येई.

डिसेंबर लागला. सुरतेत पोंकाच्या, म्हणजे ज्वारीच्या हुरड्याच्या, गाड्या लागल्या आणि परदेशातली माणसं लग्नांना येऊन थडकली. एका सकाळी दुकानात एक साठीच्या बाई आल्या. सुती साडी आणि साडीखाली जाड तळव्याचे पांढरे बूट. शेठनी बूट बघितले, लोड सरकवला आणि चहा सांगितला.

बाई बसल्या नाहीत. त्यांनी पर्समधून एक चिठ्ठी काढून उज्ज्वलापुढे धरली.

“आ अक्षर तमारा छे?”

अक्षर उज्ज्वलाचंच होतं. चिठ्ठीच्या वरच्या बाजूला चिकटपट्टीचा डाग होता. “हो, मीच उज्ज्वला,” ती हसून म्हणाली. कुणीतरी प्रत्यक्ष भेटायला आलं याचाच तिला आनंद झाला होता.

बाईंचं नाव कपिलाबेन. राहणार लेस्टरला, माहेर पलसाण्याचं. भावाच्या मुलाच्या लग्नाला आल्या होत्या. लेस्टरहून त्यांनी सहा गोधड्या घेतल्या होत्या, मुलींना, सुनांना, विहिणीला. आता लग्नात द्यायला आणखी चार घ्याव्यात म्हणून जुनी पावती आणि फोन नंबरची चिठ्ठी त्यांनी येताना बरोबर आणली होती. भावाच्या घरी बसून त्यांनी मोबाइलवर तेच दुकान उघडलं. बत्तीसशे रुपये. त्यांना वाटलं, चुकीची गोधडी उघडली. पुन्हा बघितलं. तीच.

त्यांनी पावतीचा कागद गादीवर उलगडला. एका गोधडीचे एकोणनव्वद पाउंड. शेजारी मोबाइल ठेवला. बत्तीसशे रुपये.

“एकोणनव्वद पाउंडचे दहा हजारांच्या वर होतात, भाई. मी शिकलेली नाही, पण एवढं मला येतं.”

“बेन, परदेशी माल पाठवायचा म्हणजे खर्च...” शेठ बोलू लागले.

“पाठवणावळ वेगळी घेतलीत. हे काय, खाली लिहिलंय.”

“तिकडचा टॅक्स असतो ने.”

“तो मी दारात पार्सलवाल्याला भरला.”

शेठ थांबले. चहा आला, तो कुणी घेतला नाही. मग त्यांनी असा काही चेहरा केला की जणू घरातल्या पोराने पाहुण्यांसमोर कप फोडला, आणि उज्ज्वलाकडे बघत म्हणाले, “वेबसाइट ही बघते. काहीतरी आकडा चुकवला असणार. सारखं सांगतो, बेन, ध्यान देऊन काम कर.”

उज्ज्वलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नऊ वर्षांत तिने लेबलावरचं एक अक्षर चुकवलेलं नव्हतं. “शेठ, आकडे मी कधी भरले? मला तर इथून रुपयेच...”

“पछी वात करीए,” शेठ म्हणाले. मग बोलू. साळसूदपणे हात जोडून ते कपिलाबेनकडे वळले. “बेन, या खेपेला चार गोधड्या अर्ध्या भावात घ्या.”

कपिलाबेनना आता खरा राग आला. “मला अर्ध्या भावात नको. मला बरोबर भावात हव्या होत्या.” त्या उज्ज्वलाकडे वळल्या. “आमच्याकडे बायका म्हणायच्या, दुकानांचं काय खरं, दाम लपवतात. मी म्हणायचे, या दुकानात एक मुलगी आहे, हाताने लिहून देते. अठ्ठावीस वर्षं मी हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घातल्या. टाचा गेल्या माझ्या. डॉक्टरने दिलेले हे बूट घातल्याशिवाय दहा पावलं चालता येत नाही. पाउंड काय तिकडे झाडाला लागतात? तुझी चिठ्ठी मी फ्रिजवर लावली होती, बेटा.”

कपिलाबेननी चिठ्ठी गादीवर ठेवली. “आता राहू दे तुझ्याकडेच,” म्हणाल्या आणि पायऱ्या धरून धरून उतरून गेल्या.

दुकानात दोन नोकर होते, त्यांनी एकदम साड्यांच्या घड्या घालायला सुरुवात केली. उज्ज्वला शेठसमोर जाऊन उभी राहिली. बसायला सांगितलं तरी बसली नाही.

“पाउंडात एकोणनव्वद कुणी लावले?”

“मी लावले,” शेठ शांतपणे म्हणाले. लपवायचं त्यांना काही कारणच वाटत नव्हतं. “डॉलरमध्ये एकशेदहा आहेत. दुबईला वेगळे आहेत. नैरोबीवाल्यांना थोडे कमी. अरे बेन, दुकानात आलेल्या माणसाची चप्पल मला दिसते. लेस्टरला बसलेल्या बाईची चप्पल मला इथून दिसते का? मग मी तिचा देश बघतो. एमां शुं खोटुं?”

“दुकानात आलेली बाई उठून शेजारी जाते, शेठ. घासाघीस करते. हिला इथला भाव दिसतच नव्हता. मलाही तिथला दिसत नव्हता. दोघींच्या मधे पडदा लावून तुम्ही बसलात. आणि मी तिला लिहून दिलं होतं, वर एक पैसा नाही.”

“लिहून तू दिलंस,” शेठ म्हणाले. “मी कुठे लिहून दिलं?”

हे त्यांनी रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ते त्यांनी समजावून सांगावं तसं म्हटलं. आणि खरंच, चारशे चिठ्ठ्यांवर कुठेही बन्सीलाल हे नाव नव्हतं, दुकानाचा शिक्का नव्हता. होतं ते फक्त उज्ज्वला, सुरत. जगभरच्या चारशे घरांत खोटं बोलून आली होती ती एकटी, आणि शेठ कानावर हात ठेवून मोकळे.

संध्याकाळपर्यंत गोष्ट आणखी वाढली. कपिलाबेनच्या भाच्याने दुकानाच्या पानावर दोन्ही किमतींचे फोटो टाकले होते. खाली लोक विचारू लागले होते. शेठनी उज्ज्वलाला कोरा कागद दिला. “तुझ्या अक्षरात लिही. सगळे तुझं अक्षर ओळखतात. लिही की परदेशातले भाव माझ्या हातून चुकीचे पडले, शेठना माहीत नव्हतं, माफ करा. फोटो काढून टाकून देऊ. दोन दिवसांत विसरतील. पगारातून एक रुपया कापणार नाही.”

“आणि भाव?”

“भाव थोडे उतरवू. सीझन आहे, एकदम नाही उतरवता येत.”

“मी नाही लिहिणार.”

“उद्या सकाळपर्यंत विचार कर. नाही लिहायचं तर मग कामावर येण्याची तकलीफ घेऊ नको.”

बमरोलीच्या खोलीत धुरपदाबाई दारातच सुई ओवत बसली होती. लेकीचा चेहरा बघून तिने सुई बाजूला ठेवली. “काय व्हयनं?”

उज्ज्वलाने सगळं सांगितलं. पाउंड, रुपये, चिठ्ठी, माफीचा कागद. सांगताना तिचा आवाज चढत गेला. शेठला तिने काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. आईने पाठीवरून हात फिरवावा, एवढीच तिची अपेक्षा होती.

“चिठ्ठीमा तू काय लिखे?” आईने विचारलं.

उज्ज्वलाने वाचून दाखवलं. धुरपदाबाईने ऐकून घेतलं.

“अन ते खोटं निंघनं.”

“माले माहीत नव्हतं, माय.”

“माहीत नव्हतं, मंग लिखं कसाले?” आईचा आवाज वाढला नव्हता, पण उज्ज्वलाला तो लहानपणीच्या मारापेक्षा लागला. “मना हळकुंडनाजोडे तू खोटं ठेवं. चारशे घरमा. तू देखं नही, इचारं नही, अन लिखी मोकळी व्हयनी.”

उज्ज्वला म्हणाली, चूक शेठची आहे. आई म्हणाली, शेठची आहेच, शेठ काय आज ओळखीचा झाला? पण सांगितलं कुणी होतं त्याच्या भावाची हमी घ्यायला? उज्ज्वला चिडून घरी निघून गेली आणि हेमराजशीही धड बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली, ती चप्पल न काढता. गादीपाशी उभं राहून तिने शेठनी दिलेला कोरा कागद, कोराच, परत दिला. “माफी मी मागीन,” ती म्हणाली, “पण ज्याची आहे त्याची. मी न बघता लिहून दिलं, तेवढी माझी. भाव तुम्ही लावलेत, ती तुमची. दोन्ही लिहू द्याल तर आत्ता लिहिते.”

शेठनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. “तुझ्या आईला सांग, गोधड्या आता आणू नको. बमरोलीत शिवणाऱ्या बायका पुष्कळ आहेत.”

“सांगते,” उज्ज्वला म्हणाली. नऊ वर्षांच्या नोकरीतून तिने बरोबर आणली ती फक्त कपिलाबेनची चिठ्ठी.

बाहेर येऊन मार्केटच्या जिन्यात बसून तिने कपिलाबेनचा नंबर मोबाइलवरच्या ऑर्डरींच्या जुन्या मेसेजांतून शोधून काढला. फोन कपिलाबेननीच उचलला. उज्ज्वलाने कुठलीही प्रस्तावना न करता सांगून टाकलं. भाव माझ्या हातात नव्हते, मला इथून दिसतही नव्हते. पण मी न बघता तुम्हाला शब्द दिला, तो माझा दोष. बाकीच्या चारशे जणींनाही मी एकेकीला हेच कळवणार आहे.

पलीकडे लग्नघराचा गलका ऐकू येत होता.

“गोधड्या अजून शिवते का तुझी आई?” कपिलाबेननी विचारलं.

“शिवते. पण दुकान आता घेणार नाही.”

“मग मी रविवारी येते. मला चार हव्या आहेतच. भाव मी तिथेच विचारीन, समोरासमोर.”

रविवारी दुपारी कपिलाबेन रिक्षातून बमरोलीच्या गल्लीत उतरल्या. उज्ज्वला नाक्यावर उभीच होती. गेले चार दिवस तिला बरं वाटत होतं, नोकरी गेलेली असूनही. रोज वीस-पंचवीस जणींना ती मेसेज पाठवत होती. काही जणी चिडल्या, काहींनी उलट तिचीच विचारपूस केली. आपण शब्दाला जागतो आहोत, असं तिला वाटत होतं, आणि ते खोटंही नव्हतं.

कपिलाबेन दाराशी स्टुलावर टेकल्या. बूट काढायला त्यांना वेळ लागे, म्हणून धुरपदाबाईने हाताने खूण केली, राहू द्या. मग तिने आतून सात गोधड्या आणल्या आणि एकेक उलगडली. कपिलाबेननी टाके बोटांनी चाचपून बघितले. मागची बाजू बघितली. चार बाजूला काढल्या.

“केटला थाय?” किती होतात, असं त्यांनी विचारलं.

गुजराती धुरपदाबाईला समजत होतंच. तिने एकदा कपिलाबेनच्या जाड पांढऱ्या बुटांकडे बघितलं. उज्ज्वलाने ती नजर ओळखली. नऊ वर्षं ती नजर तिने रोज बघितली होती.

“एकना पाच हजार,” धुरपदाबाई म्हणाली.

उज्ज्वलाला कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. “माय, बत्तीसशे,” ती झटकन म्हणाली.

“तू चूप बस.”

“बत्तीसशेच शेतस. दुकानमा बी बत्तीसशेच व्हतात. तू पाच हजार कसा काय सांगस?”

“तिना पायमधला बूट देख. तिले परवडस.”

उज्ज्वलाचा संताप उसळून वर आला. शेठवर आला होता त्यापेक्षा जास्त, कारण हे आपलं माणूस होतं, चार दिवसांपूर्वी हळकुंडावरून आपल्याला बोललेलं. “मंग शेठमा अन तुमा फरक काय ऱ्हायना?” ती म्हणाली. “माले सांगे खोटं ठेवं म्हनीसन. अन आते तूच बूट देखीसन भाव करस?”

धुरपदाबाईने हातातली गोधडी मांडीवर ठेवली. कपिलाबेन दोघींकडे आळीपाळीने बघत होत्या. अहिराणी त्यांना कळत नव्हती, पण काहीतरी बिनसलंय एवढं कळत होतं.

“तीस वरीस समदास्नी मना पाय देखीसन भाव कया,” धुरपदाबाई म्हणाली. “रबरनी चप्पल देखी, सहाशे दिधात. मी आज एक डाव कोनाना पाय देखात, ते तुले झोंबनं.” ती थांबली, मग लेकीकडे सरळ बघून म्हणाली, “तिना भाव तुले आठून दिसे नही, खरं शे. पन मना सहाशे तं तुले दिसेत ना? तीन वरीस दिसेत. तवय तुनी चिठ्ठी कोठे व्हती?”

उज्ज्वलाला आठवलं, दर महिन्याच्या पाच तारखेला आईचे पैसे शेठकडून तीच आणत असे. शंभराच्या नोटा, रबर लावलेल्या. एका गोधडीचे सहाशे, दोनचे बाराशे. दुसऱ्या दिवशी तीच त्याच गोधडीच्या फोटोखाली बत्तीसशे लिही. दोन्ही आकडे तिच्या हातातून जात होते, मधे कसलाही पडदा नव्हता, देश नव्हता, पाउंड नव्हते. चारशे परक्या बायकांना आपण काय लिहून दिलं, याचा तिच्या मनाला केवढा जाळ झाला होता. आईच्या सहाशेंचा तीन वर्षांत एकदाही झाला नव्हता. बाजार असाच असतो, असं तिने तेव्हा म्हटलं होतं, लेबलं लिहिताना म्हणायची तसंच.

“आई काय म्हणते?” कपिलाबेननी विचारलं.

उज्ज्वलाने पर्समधून पेन काढलं. कपिलाबेनची जुनी चिठ्ठी पर्समध्येच होती, चिकटपट्टीचा डाग असलेली. तिने त्यातल्या त्या चार ओळींवर रेघ मारली आणि खाली, गुजरातीत, नवं लिहिलं. या गोधडीची किंमत बत्तीसशे रुपये, सुरतेत आणि लेस्टरमध्ये. पुढे तिने लिहिलं, शिवणाऱ्या बाईला यातले आजवर सहाशे मिळत होते, आणि हे मला माहीत होतं. खाली सही केली.

तिने चिठ्ठी आधी आईला वाचून दाखवली. धुरपदाबाईने डब्यातून चार हळकुंडं काढून चार घड्यांमध्ये ठेवली आणि हात पुढे केला. उज्ज्वलाने चिठ्ठी तिच्या हातात दिली, आणि आईने ती वरच्या घडीत, हळकुंडाशेजारी सरकवली.

कपिलाबेननी ती तिथूनच ओढून काढून चष्मा लावून वाचली. एकदा वाचली, पुन्हा वाचली. मग त्या धुरपदाबाईच्या पायांकडे नाही, हातांकडे बघत राहिल्या. सुईने बोटांची टोकं काळी पडलेली होती.

“सहाशे?” त्या म्हणाल्या. “दहा दिवसांचे?”

“हो,” उज्ज्वला म्हणाली.

कपिलाबेननी पर्स उघडून पैसे मोजले, चार गोधड्यांचे बत्तीसशेप्रमाणे, एक रुपया कमी नाही, एक जास्त नाही, आणि धुरपदाबाईच्या हातात दिले. धुरपदाबाईने ते मोजले नाहीत. तशीच मूठ धरून ती बसली होती, आणि हळकुंड घातलेल्या बाकीच्या तीन घड्यांकडे बोट दाखवून लेकीला म्हणाली, “यास्मा बी लिखी ठेव.”